काचेचं माप

टेलरमास्तर ही गोष्ट स्वतःच सांगतात आणि सांगताना स्वतःला जराही सोडत नाहीत. गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला हात पसरून उभं असतं, मास्तरांच्या ओठांत टाचण्या असतात, तरी ओठांच्या कोपऱ्यातून सुरू होतं, "साहेब, माझ्याइतका शहाणा माणूस या रस्त्यावर शोधून सापडायचा नाही. गाडीच्या काचांना काळी फिल्म मी घरच्या घरी लावली. हलू नका, टाचणी टोचेल."

आता आधी कारण सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं की या वयात मास्तरांना गाडी नटवायची हौस सुटली. मास्तरांच्या बायकोला गेल्या वर्षी त्वचेचा आजार झाला. ऊन लागलं की चेहऱ्यावर, हातांवर लालभडक चट्टे उठायचे आणि संध्याकाळपर्यंत ताप चढायचा. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, उन्हात जायचं नाही, आणि गाडीत बसले म्हणजे सुटले असं समजायचं नाही, काचेतूनही ते येतंच. आठ महिने ती दिवसाउजेडी घराबाहेर पडली नव्हती. गोळ्यांनी चेहरा सुजून असा गोल झाला होता की आरशासमोरून जाताना ती मान वळवून जायची.

आणि तिची आई होती तीन तासांच्या रस्त्यावर, एका वृद्धाश्रमात. भेटायची वेळ रविवारी, अकरा ते चार. मास्तर महिन्यातून एकदा एकटेच जाऊन यायचे. म्हातारीची आठवण हळूहळू विरत चालली होती. फोन कानाला लावला की ती नुसती ऐकत बसायची, म्हणून तिथली नर्सच बोलायची. "ताई, आजी रोज विचारतात, माझी थोरली कधी येणार? जमलं तर लवकर या हो. एकेक माणूस विसरायला लागल्यात." फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघरात जायची आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसायची. आईनं आपल्याला विसरायच्या आत एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काचांना चांगली फिल्म लावून घ्या, अंगभर कपडे घाला, मागच्या सीटवर बसा आणि जाऊन या."

मास्तर त्याच संध्याकाळी फिल्म लावणाऱ्या काचवाल्याकडे गेले. काचवाला म्हणाला, गुरुवारी गाडी आणा, संध्याकाळी घेऊन जा. तिथंच 'बरं' म्हणून निघायचं की नाही? नाही! मास्तर तिथंच त्याचं काम बघत बसले. त्यानं काचेवर साबणाचं पाणी फवारलं, फिल्मचा पाठचा कागद सोलला, ती काचेवर सरकवली आणि रबरी पट्टीनं पाणी बाहेर काढलं. मास्तर म्हणाले, "एवढंच? हे तर अस्तर लावणं झालं."

काचवाला हसला. "मास्तर, हे शिलाईकाम नाही. तुम्हाला नाही जमायचं."

झालं! चाळीस वर्षं ज्या माणसानं वाकड्या खांद्यांवर सरळ कोट बसवले, त्याला तुला जमायचं नाही म्हणायचं? मास्तर तिथून उठले ते थेट गाडीच्या सामानाच्या दुकानातून फिल्मची गुंडाळी घेऊनच घरी आले. बायकोला म्हणाले, "रविवारी सकाळी दोन तासांचं काम. दहाला गाडीत बस, एकला आईपुढं."

 रविवारी सकाळी सातलाच बायको तयार होती. पिशवी भरून दाराशी ठेवलेली, आईसाठी विणलेला स्वेटर वर घडी करून.

मास्तरांनी गाडी सावलीत घेतली, बाह्या सरसावल्या आणि गळ्यात टेप अडकवली. समोरच्या घराच्या ओट्यावर ड्रायव्हरकाका चहा पीत बसले होते. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. आता त्यांना दुसऱ्याचं काम बघण्याखेरीज काम नव्हतं.

"काय मास्तर, गाडीला सफारी शिवताय का?"

"बघत राहा काका," मास्तर म्हणाले.

सुरुवात मागच्या मोठ्या काचेपासून केली. मास्तरांनी माप घेतलं, मान डोलावली. अहो, ही तर कोटाची पाठ! मधोमध सारखी, दोन्ही बाजू एकसारख्या. आणि पाठ कशी कापतात? कापड दुमडून, घडीवर. एका बाजूला कात्री चालवली की दोन्ही बाजू सारख्या येतात. मास्तरांनी फिल्म दुमडली, सवयीनं घडीवरून अंगठ्याचं नख कचकचून ओढलं आणि एका दमात कापली. उलगडून काचेवर धरली तर माप असं चोख बसलं की ड्रायव्हरकाकांनीही कप खाली ठेवला. फक्त मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक पांढरी रेघ पडली होती.

कापडाची घडी मोडते. फिल्मची मोडत नाही. ही गोष्ट जगात प्रत्येकाला ठाऊक असेल, पण चाळीस वर्षं नुसतं कापडच हाताळलेल्या माणसाला कोण सांगणार? आणि घडी पडली की मास्तरांचा हात आपोआप कुठं जातो? इस्त्रीकडे. मास्तर आत गेले, इस्त्री घेऊन आले, लांब वायर खिडकीतून ओढली.

"मास्तर, नक्की का?" ड्रायव्हरकाकांनी ओट्यावरून विचारलं.

"मंद ठेवलीय," मास्तर म्हणाले.

फिल्म चुरचुरली, आक्रसली आणि इस्त्रीला जाऊन चिकटली. धूर निघाला. वास असा सुटला की पलीकडच्या घरातल्या बाईंनी खिडकी लावून घेतली. मास्तर एका हातात इस्त्री आणि दुसऱ्या हातात लोंबणारं काळं चिपाड घेऊन उभे राहिले, आणि मागं वळून बघतात तर दाराच्या आतल्या सावलीत बायको उभी. तिनं इस्त्री बघितली, मास्तरांकडे बघितलं आणि पिशवीतला स्वेटर काढून कपाटात ठेवायला गेली.

"पुढच्या रविवारी नक्की," मास्तर तिच्यामागून ओरडले.

आता तरी काचवाल्याकडे जावं की नाही? पण नाही. जायचं कोणत्या तोंडानं? आठवडाभर त्यांनी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हवेत फिल्म कापली. मागच्या काचेकडे तिची पाठच असणार, ते नंतर बघू, आधी बाजूच्या काचा, घडी घालायची नाही, इस्त्रीला हात लावायचा नाही. नवी गुंडाळी आणली. आणि खरं सांगायचं तर मास्तर मजेत होते. शीळ घालत होते. आठ महिन्यांत त्यांना बायकोसाठी करता येण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

दुसऱ्या रविवारी काम असं सुरेख उतरलं की मास्तरांना स्वतःचाच हेवा वाटला. चारही दारांच्या काचा काळ्या झाल्या. बुडबुडे होते, पण थोडे, मसुराएवढे. बायको साडेदहाला हातमोजे घालून दारात आली. मास्तर म्हणाले, "एक मिनिट. काकांना दाखवू दे. काका, या, बघा, आहे का कुठं सुरकुती?"

काका आले, चष्मा वर करून बघितलं आणि मनापासून म्हणाले, "मानलं बुवा."

इथं गप्प बसावं. देवानं माणसाला तोंड दिलंय ते बंद ठेवण्यासाठीही आहे. पण मास्तरांना चेव आला. "वरखाली करून दाखवतो," म्हणाले आणि काच खाली घेतली.

त्याचं असं झालं होतं की मास्तरांनी प्रत्येक तुकडा कापताना चहूबाजूंनी अर्धा इंच जास्त ठेवला होता. का ठेवला? अहो, मार्जिन! उद्या माणूस जाड झाला तर शिवण उसवून कपडा वाढवता यावा, म्हणून सगळे शिंपी ठेवतात तसं. काच काही जाड होणार नव्हती. पण हाताला कोण समजावणार? ते जास्तीचं मार्जिन वरच्या रबराला जाऊन चिकटलं होतं. काच खाली गेली, फिल्म वरच राहिली. ओली, आपल्याच अंगाला चिकटत, लोंबत राहिली. मास्तर घाबरले, त्यांनी काच वर घेतली, तर तिनं फिल्मचा बोळा करून रबरात कोंबला.

"बाकीच्या तीन काचा खाली घेऊ नका," काका हळूच म्हणाले. तोवर मास्तरांनी उघडून बघू म्हणत दुसरी खाली घेतली होती.

त्या दिवशीही बायको गेली नाही. हातमोजे काढून एकात एक घालून ठेवले आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिली. मास्तरांनी चहा केला, तो त्यांनीच प्यायला.

शुक्रवारी संध्याकाळी नर्सचा फोन आला. मास्तर दुकानात होते. रात्री त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" बायको म्हणाली, "विशेष काही नाही."

शनिवारी दुपारी ते घरी आले तर शिलाई मशीन चालू होतं. बायको मान खाली घालून काळ्या अस्तराचं कापड दुहेरी करून शिवत होती. तिनं आयुष्यभर मास्तरांच्या कोटांची काजं केली, तुरपाई केली, पण मशीनवर ती फारशी बसायची नाही.

"काय करतेस?"

"गाडीच्या दारांना अभ्रे."

ती उठली, संध्याकाळ कलली होती म्हणून बाहेर आली, आणि गाडीचं मागचं दार उघडून त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर तो काळा अभ्रा उशीला चढवावा तसा चढवला. खाली इलॅस्टिक होतं, ते घट्ट बसलं. दार लावलं. आत मिट्ट काळोख. दुसऱ्या दाराला तसाच, मागच्या काचेला एक आडवं कापड, आणि पुढच्या-मागच्या सीटच्या मधे एक पडदा. दोन तासांचं काम होतं. एका शिंप्याच्या घरात, जिथं अस्तराचे गठ्ठे पडलेत, तिथं एक शिंपी दोन रविवार काचेला प्लॅस्टिक चिकटवत बसला होता.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करत होतात," ती म्हणाली. "शीळ घालत होतात. मला बोलवेना. उद्या मात्र जायचं. काही झालं तरी जायचं."

इथं गिऱ्हाईक पोट धरून हसतं, मास्तर टाचण्या काढून डबीत टाकतात आणि म्हणतात, "तर असा मी. कोट मंगळवारी न्या." ते इथंच थांबतात. पुढचं ते कुणाला सांगत नाहीत.

पुढचं असं झालं की तिसऱ्या रविवारी ते साडेअकराला पोचले. वाटेत बायको अंधारात बसून अधूनमधून नुसतं "कुठं आलो?" विचारायची आणि मास्तर पडद्यापलीकडून झाडं, दुकानं, पूल वाचून दाखवायचे. उतरताना तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, मास्तरांनी वर छत्री धरली आणि दोघं जवळजवळ धावत व्हरांड्यात शिरली. नर्स समोर आली. बायकोचा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, बरं झालं आलात. पण मी शुक्रवारी म्हणाले ना, या आठवड्यात विचारलं नाही त्यांनी. मागच्या रविवारपर्यंत दाराकडे बघत बसायच्या."

मास्तर उघडी छत्री तशीच हातात घेऊन मागोमाग आत गेले.

आई पलंगावर टेकून बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर. बायकोनं ओढणी काढली, हातमोजे काढले आणि सुजलेल्या, डागाळलेल्या चेहऱ्यानं हसून पुढे झाली. आईनं तिच्याकडे निरखून बघितलं, अनोळखी पाहुण्यांकडे बघतात तसं, आणि अदबीनं म्हणाली, "या, बसा."

मग तिची नजर मागं गेली आणि चेहरा उजळला. "मास्तर! आलात? थोरली कुठाय?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती जागच्या जागी उभी होती.

"दर खेपेला एकटेच येता," आई म्हणाली. "तिला का नाही आणलं?"

 मास्तरांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "चुकलं माझं, आई," ते म्हणाले. "आणायला उशीर केला मी."

"रागावलीय का ती माझ्यावर?"

तेव्हा बायको पलंगाशी बसली. तिनं आईचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला. 'आई' म्हणायला तोंड उघडलं होतं तिनं, मास्तरांनी ते स्पष्ट बघितलं. पण म्हणाली ती वेगळंच. "नाही हो, आजी. मुळीच रागावलेली नाही. रोज तुमची आठवण काढते."

"तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते ना."

"मग सांगा तिला, भेटून जा म्हणावं."

"सांगते."

चार वाजेपर्यंत ती हात धरून बसली. म्हातारी तिला थोरलीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती आणि ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी हुंकार देत होती. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते. नर्स वेळ झाली सांगायला आली तेव्हा बायकोनं पिशवीतला स्वेटर काढून आईच्या अंगात चढवला आणि बटणं लावली.

"पुढच्या रविवारी तिला नक्की पाठवा हं," आई म्हणाली. मग तिचा हात न सोडता म्हणाली, "आणि तिला नाहीच जमलं, तर तुम्ही या."