हाकेआधीची ओ

"आधीच सांगून ठेवतो, तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही," तोकुजी कुरामोचींनी बिअरचा ग्लास खाली ठेवला. "पण आमच्या कानाएनं तोंड उघडलं आणि स्टुडिओच्या छपरावरचे कावळे गप्प झाले. टोकियोचे कावळे, बरं का. बॉम्ब पडत होते तेव्हाही जे गप्प बसले नव्हते."

"काका, मागच्या खेपेला कावळे नव्हते," पुतण्या मासुओ म्हणाला. "मांजर होतं."

"मांजर होतंच. त्या मांजराला बघायला कावळे जमले होते. सगळं तेव्हाच सांगून टाकलं असतं, तर आज कशाला आला असतास तू?"

"जेवायला."

खानावळीच्या माडीवर हशा पिकला. सकाळी समोरच्या मठात कानाएचं तेहतिसाव्या वर्षाचं श्राद्ध झालं होतं, आणि हे शेवटचं. तिथवर माणूस स्वतःच्या नावानं मेलेला असतो. त्यानंतर तो नुसता पूर्वज. तिच्या नावाची काळी पाटी भिक्षूंनी ठेवून घेतली होती, जाळायला. उद्यापासून घरच्या देव्हाऱ्यात कानाए नाही. कुरामोची घराण्याचे सगळे मेलेले, एकगठ्ठा.

तोकुजींची पोर, नऊ वर्षांची होती. तीन दिवसांच्या तापात गेली.

तोकुजी तसे जन्माचे थापाडे. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओत ध्वनिफिती कापल्या आणि जोडल्या. कापलेला तुकडा हरवू नये म्हणून गळ्यात अडकवायची त्या धंद्यात रीत. त्यावरून ते सांगत, की एकदा तसाच घरी गेलो आणि एका पुढाऱ्याची खोकल्याची उबळ गळ्यात घालून झोपलो. सकाळी खोकला मला, पुढारी ठणठणीत. ऐकणारे हसत आणि विसरून जात. कानाएची थाप मात्र त्यांनी खतपाणी घालून वाढवली होती. तिसऱ्या श्राद्धाला ती एवढीशीच होती: होडीच्या त्या कार्टून सिनेमाच्या गाण्यात मुलांचा कोरस आहे ना, त्यात आमची कानाए आहे. सातव्याला तिचा आवाज वेगळा ओळखू येऊ लागला. तेराव्याला संगीतकार रडले. तेविसाव्याला त्यांनी तिच्यासाठी चाल बदलली. सत्ताविसाव्याला मांजर आलं.

आज मात्र तोकुजी कधी नव्हे इतके भरभर बोलत होते. कारण टेबलाच्या टोकाला, त्यांची बायको तोमी हिच्या शेजारी, योशिमी बसली होती. कोरसमध्ये कानाएच्या डाव्या हाताला उभी राहणारी पोर ती. आता बेचाळिशीची, चष्मेवाली बाई. तोमीनं तिला पत्र लिहून बोलावलं होतं. तोकुजींना तिनं विचारलं नव्हतं की सांगितलंही नव्हतं. मठाच्या पायरीवर योशिमी "ओळखलंत का, काका?" म्हणाली, तेव्हा म्हाताऱ्याच्या हातातली उदबत्ती मधोमध मोडली होती.

योशिमीला खरं ठाऊक होतं. या माडीवर ती आणि आपण सोडून तिसऱ्या कुणाला ते ठाऊक नाही, असं तोकुजी धरून चालले होते.

सिनेमा धुक्यात हरवलेल्या एका होडीचा. गाण्यात किनाऱ्यावरून एक बाई हाक मारते, "कुणी आहे का तिथं?" आणि होडीतली मुलं ओ देतात, "आहे, इथंच आहे." दोन्हींच्या मध्ये एका मात्रेची शांतता. संगीतकारांचा सगळा जीव त्या एका मात्रेत. "हाकेला धुक्यातून पोचायला वेळ लागतो," ते म्हणायचे. "तो वेळ ऐकू आला पाहिजे. नाहीतर हे गाणं नाही, शाळेतली हजेरी आहे."

आणि कानाएला थांबणं जमेना. हाक विरायच्या आत, अर्धी मात्रा आधीच, तिची ओ. एकदा झालं, दोनदा झालं, चारदा झालं. वादक घड्याळं बघायला लागले. संगीतकारांनी काचेमागून, आवाज न चढवता, सांगितलं, "कुरामोची, त्या तिसऱ्या मुलीला म्हणावं, नुसते ओठ हलव."

तिसरी मुलगी कुणाची, हे त्यांना माहीत नव्हतं. तोकुजींनीही सांगितलं नाही. ते आत गेले, पोरीपुढे उकिडवे बसले आणि बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"किती हलवू?" तिनं विचारलं.

पाचव्या खेपेला गाणं पास झालं. कोऱ्या फिती महाग. बिघडलेलं पुसून फीत पुन्हा वापरायची, ही रोजची रीत. त्या संध्याकाळी पहिल्या चारही खेपा तोकुजींनी आपल्या हातानं पुसल्या. पुढच्या हिवाळ्यात कानाए गेली, तेव्हा त्यांनी घर पालथं घातलं. गावभरचे आवाज जपणाऱ्या माणसाकडे पोटच्या पोरीचा एक शब्द निघाला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसऱ्या श्राद्धाला तोमीकडे बघवेना, म्हणून ती थाप तोंडातून गेली. त्या दिवसापासून तोमी रोज संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवून त्या गाण्याची तबकडी लावू लागली. तबकड्या झिजल्या, नव्या आणल्या. तिला तालाचं अंग नव्हतं. मुलं गाऊ लागण्याच्या आधीच तिचं बोट वाटीखालच्या तबकाच्या कडेवर पडायचं, दर वेळी. तोकुजी मनात म्हणायचे, चुकेना का बिचारी, पोरीला ऐकते तर आहे. आता तर देव्हाऱ्यातली पाटीही गेली. योशिमीनं एक वाक्य उच्चारलं की गाणंही जाणार, मग तोमीनं संध्याकाळी करायचं काय?

"योशिमीताई," मासुओनं पिशवीतून सीडीचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, "तुम्ही तर शेजारीच उभ्या होतात. कावळ्यांचं काय ते एकदा सांगून टाका. आमचे काका आता वयस्क झाले, पुढच्या वेळी हत्ती आणतील."

"अरे, तिला जेवू दे," तोकुजी म्हणाले. "बाळ, ती कोळंबी घे. गार झाली की चामडं होतं तिचं."

योशिमीनं जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. तेवढ्या वेळात तोकुजींनी तिच्याकडे तीनदा पाहिलं.

"कावळ्यांचं मला नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "आत असताना बाहेरचं काही ऐकू यायचं नाही. पण कानाए गायली. छान गायली, काकू. माझ्या उजव्या कानात अजून आहे ते."

तोकुजींनी रिकामाच ग्लास तोंडाला लावला. छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि धोंडा उतरलेल्या थापाड्याला आवरणं कठीण.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "आता बाकीचंही सांगतो. शेवटच्या ओळीत ती एकटीच आहे. संगीतकार म्हणाले, 'कुरामोची, हा आवाज राहू दे, दुसरे नकोत.' मग बाकी अकरा पोरांचे आवाज मी या हातांनी कापले. गळ्यात अकरा तुकडे, माळ घातल्यासारखे. मासुओ, लाव ते. शेवटची ओळ नीट ऐका."

मासुओनं गाणं लावलं. खालून भांडी धुतल्याचा आवाज तेवढा येत होता. गाणं शेवटच्या कडव्याला आलं. किनाऱ्यावरच्या बाईनं हाक मारली, कुणी आहे का तिथं. हाक विरायच्या आतच तोमीचं बोट लाखेच्या तबकावर पडलं, टक् करून. आणि मुलांनी ओ देण्याच्या आत तिनं दुसऱ्या हातानं यंत्र बंद केलं.

"अहो," तोमी म्हणाली, "पुरे आता. ती गायली नव्हती."

"काकू," योशिमी म्हणाली.

"तू गप्प बस. खरं बोलणारं कुणीतरी हवं म्हणून तुला बोलावलं, तर तूही यांच्याच माळेतली निघालीस." तोमी नवऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही तिला नुसते ओठ हलवायला सांगितलंत. त्याच संध्याकाळी न्हाणीघरात तिनं मला सगळं सांगितलं. मग म्हणाली, आई, तू हाक मार. मी मारली. पुरती मारूही दिली नाही तिनं, मध्येच ओ दिली. घरी द्यायची तशीच. रोज बोट ठेवते मी, ते तिच्या त्या ओच्या जागी. आज तिला नाव सोडून जायचंय, अहो. बरोबर तुमचे कावळे देऊ नका."