सुपलीभर माश्या

सुगंधाने मेलेल्या माश्या झाडूने सुपलीत ओढल्या आणि सुपली तशीच उचलून ती शेजारच्या बंगलीकडे निघाली. आज सोक्षमोक्ष लावायचाच.

होळीपासून हे चाललं होतं. चाळीमागे पेरूखाली मधपेटी होती, आणि तिच्यासमोर रोज सकाळी माश्यांचा सडा. चाळीतल्या विमलाच्या मते नजर लागली. कुणी म्हणे रोग, कुणी म्हणे कारखान्यांचा धूर. सुगंधाचा नवरा जयवंत मात्र ठाम होता. "जिभा बघ गो, बाहेर आल्यात. हे विषच!" आणि विष म्हटलं की मुलुंडच्या त्या गल्लीत एकच माणूस डोळ्यांसमोर यायचा, बंगलीतला श्यामसुंदर, गुलाबांवर पंपाने औषध मारणारा. मेला हसतो तरी किती गोड! असल्या हसऱ्या माणसांचा सुगंधाला भारी संशय.

माश्यांसाठी एवढा जीव टाकायला ती काही वेडी नव्हती. गिरणीचा संप दुसऱ्या वर्षात गेला तसा जयवंत खाटेला चिकटला होता. दाढी करणं नाही, धड बोलणं नाही. तिच्या भावाने गावाहून ही पेटी आणून दिली आणि नवरा पुन्हा पहाटे उठू लागला. पेटी गेली तर हा माणूस परत हाती लागणार नाही, या धास्तीने तिला झोप नव्हती.

श्यामसुंदर फाटकाशीच भेटला. तिने सुपली त्याच्या नाकासमोर धरली.

"बघा भाऊ, तुमच्या औषधाची करामत!"

तो हसला नाही. तिला सरळ गुलाबांपाशी घेऊन गेला. पानांची चाळण झाली होती, कळ्या माव्याने भरल्या होत्या.

"पेटी आणलीत तेव्हाच तुम्ही बजावलंत ना वहिनी? तेव्हापासून पंप बंद. गुलाबांची पार वाट लागली, बायको रोज ओरडते."

पंप भिंतीशी पडला होता, वर कोळ्याचं जाळं. सुगंधाने त्यात बोट घालून पाहिलं. जाळं धुळीने जड झालं होतं. ती सुपली घेऊन परतली.

जयवंत पेटीपाशी उकिडवा बसला होता. मुंग्या वर चढू नयेत म्हणून पेटीखालच्या लाकडी घोडीचे चारही पाय पाणी भरलेल्या करवंट्यांत ठेवलेले. त्यांत तो तांब्याने पाणी घालत होता. ओळखीचा उग्र वास आला.

"हा वास कसला हो?"

"ढेकणाचं औषध. पाण्यात थोडं टाकतो. होळीपासून एक मुंगी चढली नाय वर!"

कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा फुलला होता. करवंटीच्या काठावर दोन माश्या पाणी पीत बसल्या होत्या. सुगंधाने पदराने त्या हाकलल्या.

"ते सोड. कबूल झाला का तो बंगलीवाला?"

तिने त्याच्या नुकत्याच केलेल्या गुळगुळीत दाढीकडे पाहिलं.

"झाला," ती म्हणाली. "यापुढे नाही मारणार म्हणाला."

"बघ! मी सांगत नव्हतो?"

"द्या तो तांब्या इकडे. चहा घ्या जा. करवंट्यांचं आजपासून मी बघणार, तुम्ही हात लावायचा नाही."

तो खुशीत आत गेला. तिने चारही करवंट्या लांब मोरीत नेऊन ओतल्या आणि राखेने घासायला बसली.

"वहिनी," कुंपणावरून श्यामसुंदरची हाक आली, "कळलं का हो काही?"

सुगंधा पाठ फिरवून घासत राहिली.