मोगऱ्याची वाडी आणि दुसरा रोल

१९९८च्या मार्चमध्ये साधनाचं डोहाळजेवण झालं. तिच्या आईनं, नवसाबाईंनी, मखमलाबादच्या मळ्यातल्या मोगऱ्याची वाडी, म्हणजे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, स्वतः गुंफली होती. साधनाचा नवरा समाधान टपाल खात्यात कारकून. कृष्णधवल फोटो काढून रोल घरीच धुण्याचा त्याला भारी नाद. त्यानं दोन रोल काढले.

पहिला रोल धुऊन न्हाणीघरात टांगला तर त्यावर जागोजाग धुरकट डाग. साधनाचा चेहराच गायब! अंधारात, धुण्याच्या डब्यातल्या चक्रीच्या खाचांत सरकवताना फिल्म अडकली होती, त्यानं जोर लावला होता. दोन पदर एकमेकांना चिकटले आणि तेवढ्या जागी फिल्म धुण्याचं औषध पोचलंच नाही.

दुसऱ्या रोलला हात लावायची त्याची हिंमत होईना. आठवड्यानं फुलं विकून नवसाबाई लेकीच्या घरी आल्या.

"फोटू कुठं हायेत, जावईबापू?"

समाधाननं मान खाली घालून सगळं सांगितलं. नवसाबाई रागावल्या नाहीत. "दावा बरं ती चक्री." त्यांनी ती गालाला लावून पाहिली. "ही तर ओलसर हाय. मग पट्टी सरकंल कशी?"

समाधाननं कपाळाला हात लावला. दर वेळी तो ती धुऊन, न वाळवता तशीच डब्यात बंद करून ठेवत असे!

चक्री दुपारपर्यंत गच्चीवर वाळली. मग नवसाबाई डोळे मिटून, लेकीशी गप्पा मारत, वाया गेलेली फिल्म तिच्यावर पुन्हापुन्हा चढवत बसल्या. सवय झाल्यावर म्हणाल्या, "दुसरा रोल मी चढवते. गजरे काय बघून करते व्हय मी?"

खिडकीला गोधडी लावून सासू-जावई न्हाणीघरात शिरले.

"कडेनं धरा हं, मधे बोट नको," समाधान कुजबुजला.

"तुमी गप ऱ्हावा वो."

दोन मिनिटांत डब्याचं झाकण बसलं. मग समाधाननं माठातल्या पाण्यानं औषध गार केलं, घड्याळ लावून डबा हलवला. फिल्म बाहेर आली ती स्वच्छ. एकही डाग नाही. पण नवसाबाईंचा चेहरा उतरला.

"अगं बाई, माझी फुलं काळी पडली!"

साधना पोट धरून हसली. या पट्टीवर पांढरं ते काळं दिसतं, हे त्यांना काही पटेना.

रविवारी समाधान कागदावर छापलेले फोटो घेऊन मळ्यात गेला. नवसाबाई पदराला हात पुसून कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिल्या.

"मुकुट जरा कलंडलाय," त्या म्हणाल्या, "पण पोरगी लय गोड दिसतीय. बारशाचा रोल धुवाल, तवा मला बोलवा."