सोडावाल्याची लेक

झोफिया उद्या दोहा सोडून चालली होती, आणि सुचित्राचा जीव एका ग्लासात अडकला होता.

झोफिया ही स्टेडियमच्या साइटवरची तिची हंगेरियन बॉस. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, स्टेडियम उभं, बाईंचं काम खलास. सुचित्राला कोपऱ्यातल्या टेबलावरून उठवून अख्ख्या छताचं काम सोपवलं होतं ते ह्याच बाईंनी. त्यांचा जीव फ्रोचवर, म्हणजे पांढऱ्या वाईनमध्ये सोडा, बास. मागच्या खेपेला सुचित्राने बाटलीतला सोडा आणि मूठभर बर्फ घालून तो केला, तर बाई गोड हसल्या नि ग्लास तसाच ठेवून गेल्या. ते तिला भारी लागलं.

लागणारच की हो! सुचित्राचे बाबा नाशकात गोटी सोडा भरायचे. शाळेत पोरी 'सोडावाली' म्हणून चिडवायच्या, तेव्हापासून तिने जे तोंड मिटलं ते मिटलंच. कुणी विचारलं तर 'बाबांचा बिझनेस आहे', एवढंच.

आज मात्र तिने पदर खोचला. मायदेशी परतणाऱ्या एका शेजारणीकडून सोडा भरायचा सायफन घेतला आणि त्यात पाणी भरून सकाळीच फ्रिजमध्ये ठेवला. पाणी गारठल्याशिवाय गॅस धरत नाही, हे बाबांनी हजारदा सांगितलेलं. वाईनही तशीच गारेगार केली, म्हणजे बर्फाची भानगडच नको. संध्याकाळी बाई आल्यावर तिने सायफनला गॅस भरला आणि बाबांसारखाच खळखळ हलवला.

एवढ्यात नवरा श्याम लिंबू आणि चाट मसाला घेऊन हजर.

"जरासा भुरभुरू का गं?"

"हात लावून तर बघ!"

आधी वाईन. मग वरून सोड्याची सणसणीत धार. फेस सर्रकन काठाशी आला आणि तिथेच थबकला.

झोफियाने एक घोट घेतला. मग दुसरा. मग ग्लास रिकामाच करून खाली ठेवला.

"आठ वर्षांत दोह्यात असा फ्रोच प्यायले नव्हते. कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या बाबांनी," सुचित्रा म्हणाली, अगदी खणखणीत. "सोडावाले होते ते. नाशिकचे."

श्याम बघतच राहिला. झोफियाने ग्लास पुढे सरकवला.

"मग यल्ला, चल, अजून एक भर. ह्या वेळी वाईन कमी, सोडा जास्त."