सातवा खांब

माझ्या आणि धाकट्या भावाच्या घरांमध्ये अकरा खांबांचे कुंपण आहे. बारा वर्षांपूर्वी वाटणीवरून आमचे वाजले, तेव्हा त्याचा आराखडा मीच काढला. आयुष्यभर आरेखकाचीच नोकरी केली होती. उभारले मात्र दोघांनी, कारण खांब एकट्याने उभा होत नाही: एकाने ओळंबा धरायचा, दुसऱ्याने पहारीने माती ठोकायची. सातव्या खांबापाशी शब्दाने शब्द वाढला. त्याने पहार तिथेच टाकली आणि महिनाभरात देश सोडला. उरलेले चार खांब मी गवंड्याकडून बसवून घेतले.

परवा त्याची मुलगी घर विकण्यासाठी आली. ती भाषांचा अभ्यास करते. मोजणीची फीत ती धरी, आकडे मी लिही.

“काका, गंमत सांगू? मूळ शब्द एकच. जर्मन माणूस ‘त्साउन’ म्हणतो, म्हणजे कुंपण. डच म्हणतो ‘टॉइन’, म्हणजे बाग. इंग्रजांनी तर त्याचं अख्खं ‘टाऊन’ केलं.”

“म्हणजे एकाने कड पाहिली, दुसऱ्याने आतली झाडं आणि तिसऱ्याने आतली माणसं.”

“आणि आपण खांब मोजतोय!” ती हसली.

सातव्या खांबाशी तिची फीत थांबली.

“हा तर वाकडा आहे, काका.”

“आहे.”

“बाबा म्हणाले होते, रेघ तिरकी दिसली तर दादाला घास उतरत नाही. खांब सरळ केलेला दिसला, तर व्यवहार उरकून ये.”

“आणि नसला तर?”

“तर आधी फोन कर.”

दर वर्षी मी त्या खांबाला ओळंबा लावतो, कल वहीत टिपतो आणि घरात जातो. हे तिला सांगणे जमले नाही. तिने फोन लावून माझ्या हाती दिला.

“दादा?” बारा वर्षांनी ती हाक आली. “अजून वाकडाच?”

“दोन अंश. ओळंबा माझ्याकडे आहे.”

“आणि पहार?”

गवतात गंजून पडलेल्या पहारीकडे मी पाहिले. “तू टाकलीस तिथेच.”



“मी येईपर्यंत उचलू नकोस,” तो म्हणाला.

मुलीने फीत गुंडाळायला घेतली.