वरून ओतलेलं पाणी

"कस्तुराबाई, चित्र जरा उंच धरा. आजपासून गोष्ट बसम्मा सांगेल," मिशनच्या मडमसाहेब म्हणाल्या, आणि देगलूरच्या भर बाजारात कस्तुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

चित्र उंच धरायचं! जिनं निजामाच्या मुलखातली ही सगळी खेडी पायाखाली घातली, येशूच्या गोष्टी सांगून सांगून घसा बसवून घेतला, तिनं आता चित्रांची कापडी गुंडाळी धरून खांबासारखं उभं राहायचं. आणि बोलणार कोण, तर उदगीरकडून कालपरवा आलेली ही लिंगायताची विधवा! बसम्मानं सुरुवात केली कानडीत, मध्येच तेलुगूत शिरली, मग मराठीत आली. बायका भाजीच्या पाट्या सोडून तिच्याभोवती गोळा झाल्या. कस्तुराबाई गावकुसाबाहेरच्या वस्तीत वाढलेली, मिशनच्या शाळेत अक्षर शिकलेली. बसम्माचा गळा गोड, रूप देखणं, त्यात जात वरची. देवानं सगळं एकीच्याच पदरात का घालावं, हे कस्तुराबाईला साऱ्या पवित्र शास्त्रात कुठे सापडलं नव्हतं.

बरं, बाई खाष्ट असती तरी चाललं असतं. तेही नाही. परवाच्या रविवारी उपासनेत प्रभुभोजनाचा, सगळ्यांनी घोटघोट घ्यायचा पेला कस्तुराबाईच्या हातून बसम्माकडे गेला, तेव्हा ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली. वाटलं, आता पदरानं कड पुसेल, निदान पेला फिरवून तरी घेईल. बसम्मानं हिचे ओठ लागले होते तिथेच ओठ लावले आणि पेला पुढे दिला. त्या चांगुलपणानं तर कस्तुराबाई जास्तच जळली.

बाजार उरकल्यावर मडमसाहेब टांग्यातून बंगल्यावर गेल्या आणि या दोघी गुरुबसप्पा अडत्याच्या घरी निघाल्या. कस्तुराबाईच्या फेरीतलं हे जुनं घर. म्हणजे अंगण जुनं. ती खाली उभी राहायची, घरची सून ओसरीवरून तांब्यानं पाणी ओतायची, ही ओंजळीनं प्यायची आणि मग गोष्ट सांगायची. बायका दारात बसून ऐकायच्या. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. निदान ती तसं म्हणायची.

गुरुबसप्पाची म्हातारी आई दारातच होती. तिला सारे अव्वा म्हणत. आपल्याच जातीची बसम्मा मडमकडे आल्याचं तिला ठाऊक होतं.

"ये गं बसम्मा! भाईर काय करून राहिलीस? आत ये की."

"अक्का बी संगं हाय माज्या," बसम्मा अडखळली.

"तिला अंगण हाय की."

बसम्मानं कस्तुराबाईकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

पोर पोटासाठी मडमकडे राहते, धर्म काही सोडलेला नाही, असा अव्वाचा समज होता. बसम्माला कुणी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. कस्तुराबाईला अंगणातून सगळं दिसत होतं. बसायला पाट मांडला. घासूनपुसून लख्ख केलेल्या पेल्यात पाणी आलं, शेजारी गुळाचा खडा. बायका बसम्माला खेटून बसल्या आणि गोष्ट सुरू झाली. पेला तसाच भरलेला राहिला. बाहेर कस्तुराबाई गुंडाळी धरून उभी, आणि समोर बांधलेलं एक वासरू. आत कुणीतरी हसलं. आपल्यालाच हसले, असं तिला वाटलं.

"अव्वा, पेला जपा बरं," ती मोठ्यानं म्हणाली. "परवा उपासनेत आमी दोगींनी एकाच पेल्यातून घेतलं. माज्या उष्ट्याला तोंड लावलंय तिनं. इचारा की."

आतलं हसू थांबलं.

"खरं हाय का गं?" अव्वानं विचारलं.

बसम्मा नाही म्हणणार, याची कस्तुराबाईला खात्री होती. मग ते मडमसाहेबांच्या कानावर घालायचं, की झालं बाईचं पितळ उघडं.

"हाव अव्वा," बसम्मा म्हणाली. "खरं हाय."

अव्वा ओरडली नाही. तिनं फक्त सुनेला खूण केली. सुनेनं पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं आणि पेला राखेत टाकला. पाट उचलला गेला. बसम्मा अंगणात आली आणि कस्तुराबाईशेजारी उभी राहिली. उन्हातून चालून आलेली, घोटभर पाणीही न प्यालेली. तिचे ओठ सुकले होते.

सुनेला राहवलं नाही. ती तांब्या घेऊन ओसरीच्या कडेला आली. बसम्मानं हात पुढे केले, पण असं पाणी ती जन्मात प्यालेली नव्हती. बोटं फाकली, पाणी कोपरांवरून ओघळलं, लुगडं भिजलं, तोंडात थेंबही गेला नाही. शिवाशिव होईल म्हणून सुनेनं तांब्या आणखी वर नेला.

हेच तर कस्तुराबाईला हवं होतं. पण आता तिच्यानं बघवेना.

"तसं न्हाई. बोटं जुळीव. मनगटं हनुवटीला लाव."

बसम्माला जमेना. कधी जमिनीला लागू न दिलेली गुंडाळी कस्तुराबाईनं धुळीत ठेवली आणि स्वतःची ओंजळ पुढे केली.

"वत गं."

तिच्या सरावलेल्या ओंजळीत पाणी ठरलं. ती ओंजळ तिनं बसम्माच्या तोंडाशी नेली. बसम्मा वाकली आणि तिच्या हातांना ओठ लावून सगळं पाणी प्याली.

"आता तू पी, अक्का," ती तोंड पुसत म्हणाली. "तुज्याबी घशाला कोरड पडली आसंल."

सुनेनं पुन्हा तांब्या कलवला. कस्तुराबाईनं हात धरले. पण इतकी वर्षं सरावलेली बोटं आज जुळेनात. सगळं पाणी खाली गळून गेलं.