दुर्बीण सांगेल तिथूनच बांध

मित्रांनो, तीन पायांवर उभी राहून जमिनीचा चढउतार मोजणारी जुनी दुर्बीण, ती मी. तारे-बिरे दाखवणारी नव्हे हं! ते काम रिकामटेकड्यांचं.

घडले लांबच्या कारखान्यात, पण आयुष्य गेलं धाराशिवच्या माळरानांवर, माती अडवणाऱ्या सरकारी खात्यात. माझे साहेब बलभीमराव. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही दोघांनी मैलोगणती बांध आखले. लोक माझ्यापुढं अदबीनं उभे राहत, त्याची मला भारी ऐट होती. दहा वर्षांनी खात्यानं मला मोडीत काढलं. त्याच साली साहेबांनी नोकरी सोडली आणि लिलावातून मला उचलून ईट या बाजारगावाजवळच्या आपल्या खेड्यात परतले.

त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी शेतातच कुडाचं घर सारवलं. एक म्हैस घेतली, परसात दोडका लावला. पण विहीर ठणठणीत कोरडी. येत्या उन्हाळ्यापर्यंत पाणी आलं नाही तर म्हैस विकून पुन्हा शहर गाठायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. माझा तर जीव टांगणीला लागला.

पाणी मुरवायला बांध हवा होता, आणि तो वरच्या अंगाच्या मालनबाईंच्या वावरातून वळवावा लागणार होता. साहेब मला खांद्यावर घेऊन त्यांना विचारायला गेले.

मालनबाई म्हणाल्या, "दुष्काळात तुमच्याच बांधावर म्या पाट्या वाहिल्या, सायेब. एका पावसात फुटला. आता माझं वावर कशाला कापता?"

साहेब खाली बघत म्हणाले, "व्हय, फुटला. वरून घाई व्हती, लोक वावराच्या हद्दीचा धुरा सोडू देईनात. म्हणून धुऱ्याला धरून सरळ आखला. दुर्बीण 'बांध वळवा' म्हणत व्हती, म्या ऐकलं न्हाय. चूक माझीच."

मित्रांनो, हे ऐकायला मी दहा वर्षं थांबले होते! मला रडू येत नाही, नाहीतर तिथंच रडले असते.

साहेबांनी मला तिथंच उभं केलं, आणि मालनबाईंनी माझ्या काचेला डोळा लावला. माझ्यातून सगळं उलटं दिसतं. "अगं बया, माणसं डोक्यावर उभी," म्हणत त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, "आखा. पण मोजायची पट्टी म्या धरणार, अन् बांधावरचं गवत माझं."

चुन्याची रेघ मी म्हणेन तशी वळत गेली. साहेबांनी इर्जिक घातली. सत्यभामाबाईंच्या भाकरी-आमटीवर सारा गाव बैल घेऊन फुकट राबला आणि चार दिवसांत बांध उभा राहिला. हस्ताचा पाऊस दोन दिवस कोसळला. पाणी बांधाला टेकलं आणि तिथंच थांबलं. भर एप्रिलात विहिरीत पुरुषभर पाणी होतं. म्हैस दावणीलाच राहिली, आणि मालनबाईंच्या वावरात कधी नव्हे तो हरभरा पिकला.

आता अकरा घरची माणसं मला न्यायला येतात. पट्टी धरायला मालनबाईच लागतात, दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नाहीत.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, आणि एका तासाच्या, म्हणजे नांगराच्या एका जादा ओळीच्या, लोभानं बांध नांगरू नका. अन् चूक झाली तर ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन सांगा. साहेबांनी सांगितली, म्हणून ते आज गावात आहेत.